शीतारंभ, मोटारगाडीचा

शीतारंभ, मोटारगाडीचा : मोटारगाडीचे एंजिन बराच वेळ बंद राहिल्याने त्याचे सर्व भाग, वंगण तेल व शीतलक द्रव सभोवतालच्या हवेच्या तापमानास आलेले असताना ते चालू करण्याच्या क्रियेस शीतारंभ म्हणतात. यातील ‘शीत’ हा शब्द सापेक्ष आहे. एंजिनाचे नेहमीचे कार्यकारी तापमान सु. ८५° ते १००° से. असते. त्यामुळे पुण्यात हिवाळ्याच्या पहाटे १०° से. तापमानाला चालू केलेले एंजिन जसे थंड, तसेच मुंबईत मे महिन्यात ३०° से. तापमानाला चालू केलेले एंजिनही थंडच होय. फरक फक्त मात्रेचा. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे पेट्रोल एंजिनाचा शीतारंभ, त्यातील अडचणींचे निदान आणि या अडचणींना पुष्कळदा कारणीभूत होणारा, पण तितक्याच वेळा विनाकारण बदलला जाणारा शीतलक तापमान-संवेदक यांचे विवरण केले आहे.

शीतारंभातील अडचणींचे मूळ : पेट्रोल हे निरनिराळे उकळबिंदू असलेल्या हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातील काही घटकांची वाफ सु. ३०° से. ला होऊ लागते, तर काहींना २००° से. च्या आसपास तापमान लागते. ठिणगीने पेट घेते ती वाफ. द्रवरूप थेंब नव्हे. पेट्रोलच्या एका भागाच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सु. १४·७ भाग हवा लागते. एंजिन तापलेले असताना या प्रमाणात पुरविलेल्या इंधनाचे जवळजवळ पूर्ण बाष्पीभवन होते. थंड एंजिनात मात्र त्याचा बराच भाग सेवन नलिकेच्या भिंतीवर व सिलिंडरात ओलसर थराच्या रूपाने चिकटून राहतो आणि हवेत मिसळलेली वाफ पेट घेण्याइतकी दाट होत नाही. म्हणून हलके घटक पुरेशा प्रमाणात मिळावेत यासाठी एकूण इंधनच जास्त द्यावे लागते. हे आधिक्य तापमान जितके कमी तितके जास्त असून कडाक्याच्या थंडीत ते नेहमीच्या प्रमाणाच्या कित्येक पट होते. एंजिन तापू लागताच ते क्रमाक्रमाने कमी करावे लागते. इंधन कमी पडले तर एंजिन चालू होत नाही किंवा चालू होऊन बंद पडते. ते जास्त झाले तर ठिणगी-गुडद्या (स्पार्क प्लग) ओल्या होऊन ठिणगीच पडत नाही.

याशिवाय थंडीत वंगण तेल दाट झाल्याने भुजादंड फिरविण्यास जास्त परिपीडन लागते आणि नेमक्या त्याच वेळी बॅटरीतील रासायनिक विक्रिया मंदावून तिची शक्ती घटलेली असते. हा भाग सर्वपरिचित असल्याने त्याचा विस्तार येथे केलेला नाही.

चोक ते संवेदक : कार्ब्युरेटर असलेल्या गाड्यांत इंधनाचे आधिक्य ठरविण्याचे काम चालक स्वतः करीत असे. चोकची कळ ओढली म्हणजे कार्ब्युरेटराच्या तोंडाशी असलेली चकती हवेचा मार्ग अरुंद करी व हवेच्या मानाने पेट्रोल जास्त ओढले जाई. एंजिन तापल्यावर कळ हळूहळू आत ढकलावयाची असे. हवेचा गारवा, गाडी किती वेळ उभी होती याची आठवण व एंजिनाचा आवाज यांवरून चालक अंदाज बांधीत असे. म्हणजे तापमान-संवेदकाचे काम माणूसच करीत होता. तो चुकला तर चूक लगेच त्याच्या ध्यानात येई. भारतात प्रिमियर पद्मिनी, अँबॅसडर आणि १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० या गाड्यांच्या चालकांच्या एका पिढीला ही कळ चांगली परिचयाची होती. पुढे द्विधातुपट्टीच्या गुंडाळीने आपोआप उघडणारा चोकही प्रचारात आला.

इलेक्ट्रॉनीय नियंत्रणाची इंधन अंतःक्षेपण पद्धती मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात प्रथम आली ती १९६७ मध्ये. बॉश कंपनीची ‘डी-जेट्रॉनिक’ ही पद्धती त्या वर्षी फोक्सवॅगन १६०० या गाडीत बसविण्यात आली. तीत एंजिनाचे तापमान विद्युत् रोधाच्या रूपाने नियंत्रकास कळविले जाई. त्या काळातील अनेक अंतःक्षेपण पद्धतींत थंड एंजिनासाठी एक वेगळा शीतारंभ अंतःक्षेपक व तो मोजके सेकंदच चालू ठेवणारा ऊष्मीय कालस्विच असे. पुढे नियंत्रक अधिक कार्यक्षम झाल्यावर हे भाग अनावश्यक ठरले आणि जादा इंधन नेहमीच्याच अंतःक्षेपकांतून देण्यात येऊ लागले. भारतात २००० साली देशभर लागू झालेल्या उत्सर्जन मानकांनंतर कार्ब्युरेटर मोटारगाड्यांतून झपाट्याने मागे पडला. चोकची कळ गेली आणि तिच्याबरोबर चालकाचा अंदाजही गेला. आता एंजिन थंड आहे की गरम हे नियंत्रकास कळण्याचे मुख्य साधन म्हणजे शीतलक द्रवात बुडालेला, बोटाच्या पेराएवढा एक संवेदक होय.

संवेदकाची रचना व कार्य : हा संवेदक म्हणजे पितळेच्या किंवा प्लॅस्टिकाच्या आवरणात बसविलेला थर्मिस्टर असतो. मँगॅनीज, निकेल, कोबाल्ट इत्यादी धातूंच्या ऑक्साइडांपासून भाजून तयार केलेल्या या अर्धसंवाहक मण्याचा विद्युत् रोध तापमान वाढले की कमी होतो, म्हणजेच त्याचा तापमान गुणांक ऋण असतो. (तापमानाबरोबर रोध कमी होण्याचा हा गुणधर्म मायकेल फॅराडे यांनी १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडाच्या बाबतीत नोंदविला होता.) धातूच्या तारेचा रोध तापमानाबरोबर थोडाथोडा व जवळजवळ समप्रमाणात बदलतो, तर थर्मिस्टराचा रोध अतिशय वेगाने व वक्ररेषेने बदलतो. बॉश पद्धतीच्या एका नेहमीच्या संवेदकाचा रोध −२०° से. ला सु. १५,५०० ओहम, ०° ला ५,९००, १०° ला ३,८००, २०° ला २,५००, ४०° ला १,१८०, ८०° ला ३२० आणि १००° से. ला सु. १९० ओहम असतो. इतर उत्पादकांचे आकडे निराळे असतात, परंतु वक्राचा घाट हाच असतो. थंड टोकाकडे एका अंशास शेकडो ओहमांचा, तर गरम टोकाकडे एका अंशास दहाच्या आतबाहेर ओहमांचा फरक पडतो, ही गोष्ट दोषनिदानात फार महत्त्वाची आहे.

नियंत्रक ५ व्होल्टचा विद्युत् दाब आपल्यातील एका स्थिर रोधातून संवेदकास देतो आणि संवेदकाच्या टोकांमधील दाब मोजतो. उदाहरणादाखल स्थिर रोध २,२०० ओहम मानल्यास वरील संवेदकासाठी हा दाब २०° से. ला सु. २·६६ व्होल्ट व ८०° से. ला सु. ०·६४ व्होल्ट येतो. काही नियंत्रक सु. ५०° से. च्या वर दुसरा, कमी मूल्याचा स्थिर रोध जोडतात. अशा गाडीत एंजिन तापत असताना उतरत चाललेला दाब एकाएकी वर उडी घेतो. ही उडी दोषाची खूण नसून अधिक अचूक मोजणीसाठी केलेली योजना असते. ती माहीत नसल्याने चांगला संवेदक काढून टाकल्याची उदाहरणे घडतात.

या एका मापावरून नियंत्रक सुरुवातीच्या इंधनाचे प्रमाण, ते कमी करण्याचा वेग, ठिणगीची वेळ, मंदगतीतील फेरे, ऑक्सिजन संवेदकाच्या माहितीवरून मिश्रणात दुरुस्ती केव्हापासून करावयाची हे आणि बहुतेक गाड्यांत विद्युत् पंखा केव्हा सुरू करावयाचा हेही ठरवितो.

दोषांचे प्रकार : संवेदकाच्या मंडलात चार प्रकारचे दोष संभवतात. तार तुटली किंवा जोडणी निसटली तर मंडल खंडित होते. अशा वेळी नियंत्रकास पूर्ण ५ व्होल्ट दिसतात व त्याचा अर्थ तो −४०° से. इतके कमी तापमान असा लावतो. दोन तारा एकमेकींस चिकटल्या तर दाब शून्य होऊन तापमान १३०° से. किंवा त्याहूनही जास्त भासते. ही दोन्ही मूल्ये अशक्य कोटीतील असल्याने नियंत्रकाला दोष ओळखता येतो. तो सूचक दिवा लावतो, दोषाचा संकेत नोंदवितो (पी ०११८ व पी ०११७ हे अनुक्रमे या दोन स्थितींचे संकेत होत) आणि गृहीत तापमान धरून काम चालवितो. पुष्कळ गाड्यांत अशा वेळी पंखाही सतत चालू ठेवला जातो. असा दोष सापडण्यास सोपा असतो.

खरी अडचण उरलेल्या दोन प्रकारांत आहे. त्यांत संवेदक खोटे पण शक्य वाटणारे तापमान सांगतो, नियंत्रक त्यावर विश्वास ठेवतो आणि दिवा लागत नाही. जोडणीच्या पिनांवर गंज चढला तर त्याचा रोध संवेदकाशी एकसरीत जोडला जातो. हा जादा रोध १,००० ओहम आहे असे मानू. वर दिलेल्या संवेदकाच्या बाबतीत २०° से. ला एकूण रोध ३,५०० ओहम होईल व नियंत्रकास तापमान सु. १२° से. भासेल, ही चूक चालकाच्या ध्यानातही येणार नाही. परंतु एंजिन ८०° से. ला तापल्यावर एकूण रोध ३२० ऐवजी १,३२० ओहम होईल आणि नियंत्रक एंजिन केवळ ३७° से. ला आहे असे समजेल. म्हणजे तोच गंज थंड एंजिनात जवळजवळ निरुपद्रवी व गरम एंजिनात घातक ठरतो. गाडी सकाळी उत्तम चालू होते, पण नंतर मिश्रण दाटच राहते, मंदगतीतील फेरे चढे राहतात, पेट्रोल जास्त लागते, थोडा वेळ थांबवून पुन्हा चालू करताना त्रास होतो आणि पंखा नियंत्रकाच्या आज्ञेवर चालत असल्यास तो वेळेवर सुरूच होत नाही.

याउलट जोडणीत ओलावा किंवा शीतलक द्रव झिरपून दोन पिनांमध्ये गळतीचा मार्ग तयार झाला, तर त्याचा रोध संवेदकाशी अनेकसरीत जोडला जातो. हा रोध ५,००० ओहम मानल्यास ८०° से. ला तापमान ८२° से. भासेल, म्हणजे चूक नगण्य. परंतु २०° ला ते सु. ३०°, ०° ला सु. १८° आणि −२०° ला सु. १०° से. भासेल. थंडी जितकी जास्त तितकी चूक मोठी, आणि तीही इंधन कमी पडण्याच्या दिशेने. अशी गाडी सकाळी वारंवार प्रयत्न करूनही पेट घेत नाही, घेतल्यास आचके देत बंद पडते आणि एकदा तापली की दिवसभर निर्दोष चालते. दुरुस्तीसाठी ती चालवत नेईपर्यंत दोष नाहीसा झालेला असतो! मुंबईच्या हवेत वर्षानुवर्षे जाणवलेला नाही असा दोष हिवाळ्यात मनालीसारख्या ठिकाणी पहिल्याच सकाळी प्रकट होतो, तो यामुळेच.

यावरून लक्षणांच्या वेळेवरून दोषाची दिशा पुष्कळशी सांगता येते. ‘सकाळी त्रास, नंतर ठीक’ आणि ‘सकाळी ठीक, नंतर त्रास’ या दोन तक्रारी एकाच संवेदकाच्या मंडलातून, पण परस्परविरुद्ध कारणांनी उद्‌भवतात.

निदान : शीतारंभाची तक्रार आली की संवेदक बदलून पाहण्याची प्रथा आहे. ती स्वस्त वाटली तरी शास्त्रीय नाही. प्रथम भुजादंड नेहमीच्या वेगाने फिरतो की नाही ते पहावे. स्थिर स्थितीत पूर्ण भारित बॅटरीचा दाब सु. १२·६ व्होल्ट असतो व एंजिन फिरविताना तो ९·६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. भुजादंडच मंद फिरत असेल, तर बॅटरी, तिच्या टोकांवरील क्षार, जमिनीकडील जोडणी व आरंभक चलित्र (स्टार्टर) यांकडे पहावे, संवेदकाकडे नव्हे. फिरण्याचा वेग चांगला असूनही एंजिन पेटत नसेल, तर एक गुडदी काढून पहावी. ती पेट्रोलने ओली व काळी असल्यास इंधन जास्त झाले आहे किंवा ठिणगी पडत नाही. ती कोरडी असल्यास इंधन कमी पडत आहे. इंधन पंपाजवळची एकदिश झडप गळत असल्यास रात्रभरात नळीतील दाब उतरतो व सकाळी पहिल्या खेपेस एंजिन लागत नाही. हा दोष संवेदकाच्या दोषासारखाच भासतो. गाडीचे प्रज्वलन दोन-तीन वेळा नुसते चालू-बंद करून पंपास दाब निर्माण करू द्यावा आणि मग एंजिन चालू करावे. याने ते लगेच लागल्यास संशय इंधन पुरवठ्यावर जातो.

संवेदकाच्या परीक्षेची उत्तम वेळ पहाटेची, एंजिनाला हातही लावण्यापूर्वीची. आठ-दहा तास उभ्या असलेल्या गाडीत शीतलक द्रव, सेवन हवा व बाहेरची हवा ही तिन्ही जवळजवळ एकाच तापमानाला असतात. नियंत्रकाशी जोडता येणाऱ्या वाचकयंत्रावर पहिली दोन तापमाने पहावीत व साध्या तापमापकाने बाहेरच्या हवेचे तापमान मोजावे. तिन्हींत काही अंशांचाच फरक असल्यास शीतलक संवेदक निदान थंड टोकास तरी खरे सांगत आहे. हवेचा तापमापक १२° व सेवन हवेचा संवेदक १३° दाखवीत असता शीतलक संवेदक २६° से. सांगत असेल, तर दोष सापडलाच म्हणावयाचा. (थंड प्रदेशांत एंजिनास रात्रभर विद्युत् तापक लावून ठेवतात, तेथे ही तुलना अर्थातच लागू पडत नाही.) यास कोणताही सुटा भाग खर्ची पडत नाही, तरी ही परीक्षा क्वचितच केली जाते; कारण गाडी दुरुस्तीशाळेत पोहोचते ती तापलेल्या अवस्थेत. गाडी आदल्या रात्रीच तेथे ठेवणे हा त्यावरील उपाय होय.

नंतर दोष संवेदकात की तारांत हे पहावे. प्रज्वलन चालू ठेवून संवेदकाची जोडणी काढल्यास वाचकयंत्राने −४०° से. च्या आसपासचे मूल्य दाखविले पाहिजे. सुट्या केलेल्या जोडणीच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडल्यास ते सर्वांत वरच्या टोकास गेले पाहिजे. (काही नियंत्रक गृहीत मूल्यच दाखवितात, अशा गाडीत दाब प्रत्यक्ष मोजावा.) दोन्ही टोके बरोबर येत असतील तर तारा अखंड असून नियंत्रकही ठीक आहे असे धरावयास हरकत नाही, मात्र थोड्याशा गंजाने येणारा जादा रोध या परीक्षेत नेहमीच उघड होतो असे नाही, म्हणून पिना डोळ्यांनी तपासाव्यात. शेवटी संवेदक काढून त्याचे टोक पाण्याच्या भांड्यात बुडवावे व रोध तीन तापमानांना मोजावा : बर्फाळ पाण्यात, साध्या पाण्यात व उकळत्या पाण्यात. एकाच तापमानाची मोजणी पुरेशी नसते, कारण वर पाहिल्याप्रमाणे एका टोकास खरा असलेला संवेदक दुसऱ्या टोकास खोटा असू शकतो. उकळते पाणी म्हणजे १००° से. असे धरून चालू नये; समुद्रसपाटीपासून सु. १,३५० मी. उंचीवरील महाबळेश्वरास ते सु. ९५° से. ला उकळते.

संवेदक निर्दोष असूनही मापन चुकू शकते. शीतलक द्रवाची पातळी खाली गेली किंवा द्रव भरताना हवेचा बुडबुडा अडकला, तर संवेदकाचे टोक द्रवाऐवजी हवेत वा वाफेत राहते व मूल्ये वरखाली होतात. थर्मोस्टॅट उघड्या स्थितीत अडकल्यास एंजिन खरोखरच तापत नाही. तेथे संवेदक सत्यच सांगत असतो, पण शिक्षा त्यालाच होते. चालकासमोरच्या तापमान दर्शकावरूनही फसगत होते. अनेक गाड्यांत दर्शकाचा संवेदक व नियंत्रकाचा संवेदक वेगवेगळे असतात. फोक्सवॅगनच्या काही गाड्यांत तर हे दोन्ही चार पिनांच्या एकाच आवरणात ठेवलेले असत. त्यामुळे काटा बरोबर मध्यावर असताना नियंत्रकास मिळणारे मूल्य पूर्णपणे चुकीचे असू शकते.

दुर्लक्षाचे परिणाम : सदैव दाट मिश्रणावर चालणाऱ्या एंजिनात न जळलेले पेट्रोल सिलिंडराच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन टाकते व तळाच्या तेलात उतरून त्यास पातळ करते. त्यामुळे कड्या व सिलिंडर झिजतात. तेच इंधन निष्कास वायूंबरोबर उत्प्रेरकी परिवर्तकात जाऊन जळल्यास तो अतितप्त होऊन निकामी होतो. संवेदकाच्या मानाने त्याची किंमत कित्येक पटींनी जास्त असते. दाट मिश्रणाच्या निष्कास वायूंत कार्बन मोनॉक्साइडाचे प्रमाण मोठे असते, आणि परिवर्तक तापेपर्यंत त्याचा काही उपयोग होत नाही. म्हणून शीतारंभाची कोणतीही परीक्षा बंद गाडीघरात करू नये; या वायूस रंग व वास नसल्याने गुदमरणाऱ्यास धोक्याची जाणीव होत नाही. तापलेल्या एंजिनातून संवेदक काढणे किंवा उत्सर्जकाचे (रेडिएटर) झाकण उघडणे हेही धोक्याचे आहे. तेथील द्रव दाबाखाली व १००° से. च्या वर असू शकतो आणि तो उसळून गंभीरपणे भाजते.

परीक्षणाची सोय : नियंत्रकाने स्वतःचेच दोष नोंदविण्याची व्यवस्था अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारगाड्यांत प्रमाणित स्वरूपात सक्तीची झाली. भारतात ती भारत स्टेज ४ मानकांच्या काळात, २०१० ते २०१३ या दरम्यान दोन टप्प्यांनी आली. नव्या नियंत्रकांत शीतलक तापमान अपेक्षित वेगाने चढते की नाही हेही पाहिले जाते. पी ०११६ हा संकेत मूल्य अविश्वसनीय असल्याचे, तर पी ०१२८ हा संकेत एंजिन अपेक्षेप्रमाणे तापत नसल्याचे सांगतो. तरीही दहा-पंधरा अंशांची चूक पुष्कळदा या जाळ्यातून निसटते.

इतर इंधने : डीझेल एंजिनात ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेटते. थंडीत ही उष्णता पुरत नसल्याने दीप्त गुडद्यांनी ज्वलनकक्ष आधी तापवितात व त्या किती वेळ तापवावयाच्या हे शीतलक तापमानावरूनच ठरते. संवेदक खोटे जास्त तापमान सांगत असेल तर त्या पुरेशा तापत नाहीत आणि पांढरा धूर सोडीत एंजिन अडखळते.

एथेनॉलाचा शीतारंभ पेट्रोलहून कठीण आहे. त्याचा उकळबिंदू एकच, ७८° से. असून त्यात पेट्रोलसारखे सहज उडून जाणारे हलके घटक नसतात. शिवाय त्याच्या बाष्पीभवनास पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते. भारतात २०२५ साली पेट्रोलमधील एथेनॉलाचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. या प्रमाणात पेट्रोलचे हलके घटक पुष्कळ शिल्लक राहत असल्याने शीतारंभ अशक्य होत नाही. पण संवेदकाच्या चुकीस पूर्वी जेवढी सवड होती तेवढी उरत नाही. ब्राझीलमध्ये १९७९ पासून निव्वळ एथेनॉलावर चालणाऱ्या गाड्या विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा त्यांत केवळ शीतारंभासाठी पेट्रोलची एक छोटी वेगळी टाकी ठेवावी लागली. २००३ मध्ये आलेल्या, दोन्ही इंधने कोणत्याही प्रमाणात चालणाऱ्या गाड्यांतही ती टाकी होतीच. ती क्वचितच लागत असल्याने तीतील पेट्रोल शिळे होऊन चिकट बने व थंडीच्या पहिल्या सकाळीच दगा देई. २००९ पासून अंतःक्षेपकाकडे जाणारे एथेनॉल विजेने तापविण्याची पद्धती प्रचारात आली व छोटी टाकी मागे पडू लागली. एथेनॉल किती तापवावयाचे, हे मात्र याही पद्धतीत एंजिनाच्या तापमानाच्या मापावरूनच ठरते.